चारशे किलोहर्ट्झ खाली

गेल्या पावसाळ्यात पुण्यात बुधवार पेठेतल्या माझ्या छोट्या कार्यशाळेत हातात धरायचा एक हॅम रेडिओ, म्हणजे परवानाधारक हौशी चालकांचा बोलण्या-ऐकण्याचा सेट, दुरुस्तीला आला, आणि त्याच्यासोबत आलेली तक्रार मी त्याआधी कधी ऐकलेली नव्हती. सेट घेऊन आलेल्या बाई कोथरूडच्या एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवतात. हौशी रेडिओ चालकाची परीक्षा उत्तीर्ण होऊन त्यांना ‘व्हीयू३’ने सुरू होणारे कॉलसाइन, म्हणजे हवेवरचे ओळखचिन्ह, नुकतेच मिळाले होते आणि हा सेट त्यांच्याकडे एका जुन्या हॅमच्या घरातून आला होता. त्या म्हणाल्या, “चारशे किलोमीटर उंचीवरचं अंतराळ स्थानक मला यावर स्वच्छ ऐकू येतं, पण डेक्कनवरून बोलणारा माझा मित्र ऐकू येत नाही आणि माझं बोलणंही त्याच्यापर्यंत पोचत नाही.”

या वाक्याचा पहिला भाग मला मुळीच आश्चर्याचा वाटला नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून शाळांशी होणारी हॅम संभाषणे आणि अधूनमधून पाठवली जाणारी चित्रे १४५.८०० मेगाहर्ट्झवर येतात. स्थानक डोक्यावरून जात असताना मध्ये इमारत, झाड, टेकडी असे काहीच नसते; त्यामुळे साध्या रबरी अँटेनावरही ते ऐकू येते. उलट कोथरूड ते डेक्कन हे अंतर कमी असले तरी मध्ये सिमेंटचे जंगल आहे, आणि दीड वॅटच्या सेटचे बोलणे त्यात अडकले तर नवल नाही. म्हणून माझा पहिला अंदाज इमारतींचाच होता. परंतु बाईंनी तो आधीच तपासून बाद केला होता. एका रविवारी त्या स्वतः वेताळ टेकडीच्या माथ्यावर उभ्या राहिल्या आणि मित्राला त्यांनी सिंहगडावर पाठवले. या दोन ठिकाणांमध्ये सरळ रेषेत सुमारे १९ किलोमीटरचे अंतर आहे, आणि हवा स्वच्छ असेल तर गडावरचा दूरदर्शनचा मनोरा टेकडीवरून नजरेस पडतो. एवढ्या मोकळ्या वाटेवर दीड वॅट पुरून उरायला हवा. तरीही ठरवलेल्या १४५.५०० मेगाहर्ट्झवर दोघांनाही एकमेकांचे अक्षर ऐकू आले नव्हते. दुरुस्तीला येणारा माणूस इतकी नेमकी चाचणी करून येतो तेव्हा निम्मे काम झालेले असते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक सेटांसोबत “चालत नाही” एवढाच मजकूर असतो.

सेट १९८० च्या दशकातला, जपानी बनावटीचा होता. त्याला पडदा नाही, मेमरी नाही. माथ्यावर अंगठ्याने फिरवायची तीन छोटी चाके आहेत : पहिले मेगाहर्ट्झचे, दुसरे शंभर किलोहर्ट्झचे, तिसरे दहा किलोहर्ट्झचे. चाकांवर ५-५-० आणले की १४५.५०० झाले. शेजारी पाच किलोहर्ट्झ वाढवणारी एक सरकती कळ. अशा सेटांबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण त्यांच्यातली प्रत्येक गोष्ट मीटरच्या टोकाने गाठता येते आणि एखादा भाग बदलताना शेजारच्या चार भागांना धक्का लावावा लागत नाही.

मी सेटला अँटेनाच्या जागी डमी लोड जोडला, म्हणजे प्रक्षेपण हवेत न जाता रोधातच जिरेल, आणि पीटीटी, म्हणजे बोलताना दाबायचे बटण, दाबून पॉवर मीटर पाहिला. दीड वॅट, अगदी जसा हवा तसा. कॅरिअर, म्हणजे आवाज वाहून नेणारी मूळ लहर, स्थिर होता आणि तिच्यावर माइकचा आवाज चढत होता, म्हणजे मॉड्युलेशनही होते. मग फ्रिक्वेन्सी काउंटर पाहिला. चाकांवर ५-५-० असताना काउंटर १४५.१०० दाखवत होता.

सेटच्या फ्रिक्वेन्सीला आधार देणारा स्फटिक जुना झाला की फ्रिक्वेन्सी सरकते हे खरे, परंतु ते सरकणे एखाद-दुसऱ्या किलोहर्ट्झचे असते आणि बँडवर सगळीकडे जवळजवळ सारखेच असते. येथे फरक नेमका ४०० किलोहर्ट्झचा होता. मी मधले चाक एकेक आकडा फिरवत गेलो. ०, १, २ आणि ३ वर फ्रिक्वेन्सी बरोबर आली. ४ वर ०ची आली, ५ वर १ची, ६ वर २ची आणि ७ वर ३ची. ८ व ९ पुन्हा बरोबर. कागदावर हे दोन रकान्यांत लिहिताच दोष कोठे आहे ते उघड झाले. प्रत्येक चाकातून चार तारा निघतात आणि त्यांची वजने १, २, ४ व ८ अशी असतात. ५ म्हणजे ४ आणि १ या तारांवर व्होल्टेज. ८ म्हणजे फक्त ८च्या तारेवर. हे चार संकेत पीएलएलच्या, म्हणजे फ्रिक्वेन्सी नेमकी धरून ठेवणाऱ्या सर्किटच्या, विभाजक आयसीकडे जातात आणि त्यांच्यावरून फ्रिक्वेन्सी ठरते. एखादी तार तुटली तर आयसी त्या जागी शून्य समजते. मधल्या चाकाची ४च्या वजनाची तार तुटली असेल तर ५चा १ होणार, ७चा ३ होणार, आणि ८ला काहीच होणार नाही. म्हणजे अंतराळ स्थानकाची १४५.८०० शाबूत आणि मित्राची १४५.५०० बेपत्ता. बाईंचे दोन्ही अनुभव शब्दशः खरे होते. ग्रहण आणि प्रक्षेपण या दोहोंची फ्रिक्वेन्सी त्याच पीएलएलवरून ठरत असल्यामुळे सेट १४५.१०० वर ऐकत होता आणि तेथेच बोलतही होता.

सेट उघडून चाक ४ वर ठेवले आणि मोजले. चाकाच्या टोकाशी व्होल्टेज होते, आयसीच्या पायाशी नव्हते. दोष मधल्या तारेत होता, आणि ती तार एका छोट्या बोर्डाखालून गेलेली होती. सेटच्या मूळ नकाशात असा कोणताही बोर्ड नाही. पूर्वी कोणीतरी रिपीटरचा (आलेले बोलणे पुन्हा दूरवर प्रक्षेपित करणाऱ्या केंद्राचा) टोन, म्हणजे ते केंद्र उघडण्यासाठी बोलण्यासोबत पाठवायचा खालचा स्वर, देणारे सर्किट आत बसवले होते आणि ते फोमच्या दुहेरी चिकटपट्टीने तारांवरच चिकटवले होते. तीस-चाळीस पावसाळे कपाटात काढल्यावर त्या फोमचे काय झाले असेल, हे जुने टेपरेकॉर्डर उघडणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही. पॉलियुरेथेनचा फोम हवेतल्या बाष्पाने हळूहळू विघटित होतो आणि त्याचा तपकिरी, चिकट लगदा उरतो. बोर्ड बसवताना सोल्डरिंग आयर्नचा चटका लागून त्या तारेचे आवरण एका जागी वितळले होते, तांबे उघडे पडले होते, आणि त्या उघड्या तांब्यावर वर्षानुवर्षे हा ओला लगदा बसून होता. आवरण बाजूला केले तेव्हा आत तारेऐवजी हिरवी भुकटी निघाली.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने लगदा काढायला बराच वेळ लागला, कारण शेजारच्या तारांना ओढ बसू द्यायची नव्हती. खराब झालेली तार काढून तिच्या जागी टेफ्लॉनच्या आवरणाची बारीक तार घातली, कारण ते आवरण आयर्नच्या उष्णतेने वितळत नाही. शेजारच्या तारांची आवरणे भिंगाखाली तपासली. मधले चाक पुन्हा ० पासून ९ पर्यंत फिरवले. प्रत्येक आकडा काउंटरवर जागच्या जागी आला.

या ठिकाणी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. तुटलेली तार मधल्या चाकाची होती म्हणून चुकीची फ्रिक्वेन्सीही हॅम बँडमध्येच राहिली. तीच तार पहिल्या चाकाची असती, तर चाकावर १४५ दिसत असताना विभाजकाला १४१चा आदेश गेला असता. भारतात हौशी चालकांसाठी या भागात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ एवढीच जागा आहे. म्हणजे परवानाधारक, सज्जन चालकाकडून त्याच्या नकळत दुसऱ्या कोणाच्या तरी सेवेत प्रक्षेपण झाले असते. बाईंच्या एका परिचिताने त्यांना “सेट उघडतेच आहेस तर रेंजही मोकळी करून घे”, म्हणजे सेट हॅम बँडबाहेरही बोलू शकेल असे करून घे, असा सल्ला दिला होता आणि त्यांनी तो मला विचारला. नव्या सेटांमध्ये हे काम एखादा डायोड किंवा शून्य रोधाचा जंपर काढण्याइतके सोपे असते, म्हणून लोक त्याला सुधारणा म्हणतात. मी ते काम घेत नाही, आणि याचे कारण केवळ कायदा नाही. सेटचा ऑसिलेटर (लहर निर्माण करणारे सर्किट), त्यापुढचे ट्यून केलेले टप्पे आणि हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतल्या नको असलेल्या लहरी, अडवणारा फिल्टर हे सगळे ठरावीक पट्ट्यासाठी जुळवलेले असतात. त्या पट्ट्याबाहेर सेट बोलला, तरी तो कसा बोलतो आहे हे चालकाला कळत नाही. ते कळते शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर काम करणाऱ्या माणसाला. बाईंनी कारण शांतपणे ऐकून घेतले आणि तो विषय तेथेच संपला.

तार बदलल्यावर सेट मित्राशी बोलू लागला, पण काम संपले नव्हते. बाईंना ज्या रिपीटरवर जायचे होते त्याला ८८.५ हर्ट्झचा टोन लागत होता, आणि तो टोन देण्यासाठीच तर मघाचा बोर्ड आत बसवलेला होता. चाचणी घेतली तेव्हा नवाच प्रकार दिसला. पीटीटी दाबून गप्प बसले की रिपीटर उघडत असे आणि बोलायला सुरुवात केली की बंद होत असे. जितके मोठ्याने बोलावे तितका लवकर बंद होत असे.

याचे कारण बोर्डाच्या तारा कोठे जोडल्या आहेत हे पाहताच कळले. टोन माइकच्या टोकाशीच सोडलेला होता. माइकच्या मागचे सर्किट आवाजासाठी बनवलेले असते. ते उंच स्वर उचलून धरते आणि ३०० हर्ट्झच्या खालचे बरेचसे दाबून टाकते, त्यामुळे ८८.५ हर्ट्झचा टोन तेथून पुढे जाताना आधीच क्षीण होतो. त्याच्यापुढे लिमिटर असतो, जो आवाज ठरावीक मर्यादेबाहेर गेला की त्याचे शेंडे छाटतो. माणूस मोठ्याने बोलला की लिमिटर भरून जातो आणि त्या छाटणीत दुबळा टोन चिरडला जातो. रिपीटरला टोन दिसेनासा होतो आणि तो दार लावून घेतो. पूर्वीच्या माणसाने यावर उपाय म्हणून टोनची पातळी वाढवून ठेवली होती, आणि त्यामुळे आवाजाखाली एक घरघर ऐकू येत होती.

टोनची योग्य जागा लिमिटरच्या पुढे, थेट मॉड्युलेटरच्या व्हॅरॅक्टर डायोडशी, म्हणजे व्होल्टेजनुसार फ्रिक्वेन्सी हलवणाऱ्या भागाशी, असते. मी जुना बोर्ड काढून टाकला आणि टोन तयार करणारा एक लहान नवा एन्कोडर घेतला. त्याचे आउटपुट मोठ्या किमतीच्या रोधातून आणि कपॅसिटरमधून त्या ठिकाणी दिले, म्हणजे आवाजाच्या मार्गावर त्याचा भार पडणार नाही. त्याला वीज मिळते ती फक्त प्रक्षेपणाच्या वेळी जिवंत होणाऱ्या तारेवरून, त्यामुळे ऐकत असताना तो बॅटरी खात नाही. बसवण्यासाठी फोम वापरला नाही. बोर्डाला उष्णतेने आकसणारी नळी चढवली आणि चाकांच्या तारांपासून दूर, मोकळ्या कोपऱ्यात तो उष्णता सहन करणाऱ्या कॅप्टॉन टेपने धरून ठेवला.

मग पातळी लावण्याचे काम. आवाजाचे जास्तीत जास्त विचलन, म्हणजे त्याच्यामुळे फ्रिक्वेन्सी मूळ जागेपासून जितकी हलते ते, ५ किलोहर्ट्झ असेल, तर टोनचे ५०० ते ७५० हर्ट्झच्या आसपास ठेवावे. ही पातळी दुसऱ्या एखाद्या टोनवर लावून चालत नाही. मॉड्युलेशन पीएलएलच्या ऑसिलेटरवर होत असेल, तर पीएलएलचा लूप मंद बदलांना चूक समजून दुरुस्त करू पाहतो, म्हणून ८८.५ हर्ट्झचा टोन २०० हर्ट्झच्या टोनपेक्षा अधिक पुसला जातो. ज्या टोनवर काम करायचे त्याच टोनवर मोजावे लागते. मी टेस्ट सेटवर विचलन ६०० हर्ट्झला आणले, नंतर माइकसमोर मोठ्याने बोलून पाहिले. टोनची रेषा हलली नाही.

बॅटरीबद्दल थोडक्यात सांगतो. मूळ पॅकमधले सातही निकेल-कॅडमियम सेल मेलेले होते. त्यांच्या जागी टॅब असलेले निकेल-मेटल-हायड्राइडचे सात सेल घातले, म्हणजे व्होल्टेज तेच ८.४ राहिले. जुना चार्जर मात्र वापरायचा नाही असे बाईंना सांगितले, कारण तो २५० मिलिअँपिअर-तासांच्या सेलसाठी बेतलेला आहे. नवे सेल भरायला तो दीड-दोन दिवस घेईल आणि केव्हा थांबायचे हेही त्याला कळत नाही. अशा पॅकमध्ये लिथियमचे सेल घालून तोच चार्जर लावणारे लोक मी पाहिले आहेत. तसे कोणीही करू नये; आग लागू शकते.

संध्याकाळी बाई सेट घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी टोन डिकोडही, म्हणजे ठरलेला टोन आला तरच सेटचा आवाज उघडणारे सर्किट, बसवता येईल का, असे विचारले. बसवता येतो. त्यासाठी आवाजाचे फिल्टर लागण्याआधीच, डिस्क्रिमिनेटरपाशी (लहरीतून आवाज वेगळा काढणाऱ्या टप्प्यापाशी) सिग्नल घ्यावा लागतो आणि स्क्वेल्चचे, म्हणजे कोणी बोलत नसताना खरखर बंद ठेवणाऱ्या सर्किटचे, गेट डिकोडरच्या ताब्यात द्यावे लागते. परंतु टोन तपासण्याचे काम त्यांच्या वापरात रिपीटरच करतो, आणि सेटमध्ये राहिलेली जागा इतकी अरुंद आहे की दुसरा बोर्ड पुन्हा तारांवरच टेकला असता. म्हणून मी नको म्हणालो.

मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी एक चिठ्ठी चिकटवली. कोणती तार बदलली, तिचा नवा रंग कोणता, टोन कोणत्या बिंदूवर सोडला आहे, रोध व कपॅसिटर कोणते, विचलन किती ठेवले, आणि एन्कोडर काढून सेट पूर्ववत करायचा झाला तर कोणते दोन सोल्डर सोडवायचे, एवढे त्यावर लिहिले आहे. पहिल्या माणसाने अशी चिठ्ठी ठेवली असती, तर तो बोर्ड कशासाठी आहे हे शोधण्यात गेलेला वेळ वाचला असता. बाईंनी झाकण लावण्याआधी त्या चिठ्ठीचा आणि मधल्या चाकाच्या दोन रकान्यांच्या कागदाचा फोटो काढून घेतला. त्या रकान्यांवरून दोष ओळखायला मुलांना वर्गात सांगणार आहे, असे त्या म्हणाल्या.