जुलैची नोंद: पाण्याच्या आसपास

जुलै लागला की मुंबईतल्या वर्तमानपत्रांत शहराला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांच्या पातळीचा तक्ता रोज छापून येऊ लागतो आणि एरवी शेअर बाजाराचे आकडे वाचणारी माणसेही सकाळच्या लोकलमध्ये भातसा किती टक्के भरला, याची चौकशी करू लागतात. गेल्या काही महिन्यांपासून मी दर महिन्याला एक विषय ठरवते आणि वाचन, भटकंती, नाटक-सिनेमा आणि जमल्यास खरेदीही त्याच विषयाच्या अवतीभवती ठेवते. या महिन्यासाठी तो तक्ता समोर असताना दुसरा विषय सुचणे शक्यच नव्हते. त्यामुळे ही नोंद मुख्यतः पाण्याची आहे. जे त्यात बसले नाही, त्याचाही उल्लेख ओघात येईल.

महिन्याचे मुख्य पुस्तक होते गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’. हे १८६३ साली प्रसिद्ध झाले, म्हणजे विहार तलावाचे पाणी नळाने शहरात येऊ लागल्याला तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती, आणि पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेल्याला दहा. एखादे शहर अंगाबाहेर वाढू लागते, तेव्हा ते आपल्याच रहिवाशांना अनोळखी वाटू लागते. माडगावकरांनी नेमक्या त्या क्षणी लेखणी हातात घेतली आणि बाजार, देवळे, तलाव, विहिरी, व्यापार, निरनिराळ्या जातीधर्मांचे लोक, त्यांचे पोशाख आणि रीतिरिवाज असे सगळे नोंदवून ठेवले. पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर दोनच वर्षांनी ते वारले. भाषा आजच्या वाचकाला सुरुवातीला अडखळवते, विरामचिन्हांची सवय वेगळी असल्यामुळे काही वाक्ये दोनदा वाचावी लागतात. परंतु पन्नासेक पाने ओलांडली की तीच भाषा गोड लागते. मला सर्वांत भावला तो त्यांचा नव्या गोष्टींकडे पाहण्याचा स्वभाव. यंत्रे, गिरण्या, रेल्वे यांचे त्यांना मनापासून कौतुक आहे आणि ते लपवण्याची त्यांना गरज वाटत नाही. आजच्या शहरवर्णनांत हळहळ इतकी असते की असे मोकळे कौतुक वाचताना बरे वाटते. मात्र हे पुस्तक सलग वाचण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. आपण राहतो त्या भागाचा उल्लेख शोधावा, तो वाचावा, आणि मग तिथून पुढे-मागे सरकावे. मी राहते त्या नायगाव-दादरच्या बाजूला त्या काळी शेते आणि झाडीच अधिक होती, हे डोळ्यांसमोर आणताना खिडकीबाहेरचा उड्डाणपूल अडथळा करीत होता.

विहार आणि तुळशी हे दोन्ही तलाव बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहेत. विहार १८६० सालचा, तुळशी १८७९ चा, आणि शहराच्या हद्दीतले पिण्याच्या पाण्याचे तलाव एवढे दोनच. बाकीचे पाच ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांत दूरवर पसरले आहेत. तुळशी ओसंडून वाहू लागला की बातम्यांत त्याची छायाचित्रे येतात आणि लोकांना हायसे वाटते. परंतु तुळशीची क्षमता सुमारे ८ हजार दशलक्ष लिटर, आणि मुंबईला रोज पुरवले जाते सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर. म्हणजे काठोकाठ भरलेला तुळशी या शहराला दोन दिवस पुरेल. सातही तलावांची मिळून क्षमता साडेचौदा लाख दशलक्ष लिटरच्या घरात जाते आणि त्यातील जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातशाचा असतो. तेव्हा तक्ता वाचताना डोळा भातशावर ठेवावा, तुळशीच्या छायाचित्रांवर नव्हे.

तुळशीजवळच कान्हेरीची लेणी आहेत आणि महिन्यातली मोठी भटकंती तीच ठरली. पावसाळ्यात कान्हेरीला जाणारे बहुतेक जण धबधब्यात भिजायला जातात. त्याला माझी हरकत नाही, परंतु पाण्यासाठीच जायचे असेल तर पाहण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. इथे शंभराहून अधिक लेणी आहेत, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे हजारभर वर्षे इथे वस्ती आणि खोदकाम चालू होते, आणि या सगळ्या काळात इथल्या भिक्षूंना उन्हाळ्यात पाणी पुरवील अशी बारमाही नदी जवळ नव्हती. त्यावर त्यांनी काढलेला उपाय खडकातच कोरलेला आहे. डोंगरउतारावर बोटभर ते वीतभर रुंदीचे चर खोदून पावसाचे पाणी वळवले आहे. ते पाणी लेण्याच्या तोंडाशी असलेल्या कातळातल्या टाक्यात, म्हणजे पोढीत, येऊन पडते. जवळजवळ प्रत्येक विहाराला, म्हणजे भिक्षूंच्या राहण्याच्या लेण्याला, आपली पोढी आहे. कान्हेरीच्या शिलालेखांत दानाच्या नोंदी आहेत, त्यांत लेण्याबरोबर पोढीचे दानही आवर्जून सांगितलेले आढळते. कोरड्या ऋतूत हे चर पाहिले तर दगडावरचे ओरखडे वाटतात. जुलैत मात्र ते चालू असतात. कोणत्या चरातून पाणी कुठे वळते, एक टाके भरल्यावर ते दुसऱ्याकडे कसे जाते, हे उभे राहून पाहता येते. ज्यांनी ही व्यवस्था आखली त्यांना उताराचे गणित किती अचूक कळत होते, हे समजण्यासाठी याहून चांगला महिना नाही.

तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य, म्हणजे प्रार्थनेचे लेणे, सर्वजण पाहतात आणि त्याच्या ओसरीतल्या दोन उंच बुद्धमूर्तींपुढे छायाचित्रे काढतात, ते योग्यच आहे. परंतु तिथून माघारी फिरू नये. पुढे पायऱ्या चढत गेल्यास ४१ व्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व, आहे, जो भारतात फार क्वचित पाहायला मिळतो, आणि ९० व्या लेण्यात पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये इथे आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे तिथे कोरून ठेवली आहेत. हजार वर्षांपूर्वीही लोक कान्हेरीला पाहुणे म्हणून येत होते, आणि भिंतीवर नाव लिहिण्याचा मोह त्यांनाही आवरला नव्हता. ज्यांना जायचे असेल त्यांनी सोमवार टाळावा, कारण त्या दिवशी उद्यान बंद असते. आणि चपलेऐवजी पकड असलेले बूट घालावेत, कारण शेवाळलेला काळा कातळ कोणाचीही गय करत नाही.

पारशांवरून आठवले. चर्चगेटजवळ क्रॉस मैदानाच्या कडेला भिखा बेहरामची विहीर आहे, १७२५ साली खोदलेली. समुद्र इतका जवळ असताना तिचे पाणी गोडे आहे. आत पारशांखेरीज इतरांना प्रवेश नाही, त्यामुळे मी रस्त्यावरूनच तिची रंगीत काचांची छत्री पाहिली आणि फ्लोरा फाउंटनच्या दिशेने चालू लागले, जिथे पदपथावरच्या जुन्या पुस्तकांवर विक्रेत्यांनी प्लास्टिक अंथरलेले होते आणि त्या प्लास्टिकखाली काय आहे हे शोधणे हा स्वतंत्र खेळ होता.

आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात गेले. या देवळाला प्रतिपंढरपूर म्हणतात. या परिसरात पूर्वी मिठागरे होती आणि मिठाच्या व्यापाऱ्यांशी या देवळाचा संबंध सांगितला जातो. गर्दी प्रचंड होती, रांग लांबलचक होती आणि पाऊस मुळीच नव्हता. घरी येऊन प्राजक्त देशमुख यांच्या ‘देवबाभळी’ची संहिता पुन्हा वाचली. तुकोबांची आवली आणि पंढरीची रखुमाई या दोघींना समोरासमोर आणणारे, रंगमंचावर दोनच स्त्रिया असलेले हे संगीत नाटक रंगभूमीवर पाहिलेले होते. कागदावर वाचताना आवलीची चीड अधिक ठळकपणे ऐकू येते, कारण तिला सूर सावरून घेत नाहीत.

आता सिनेमा. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) पुन्हा पाहिला, आणि पाण्याच्या विषयात तो कसा बसतो, असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगते की शहरात आलेले पाणी कुठून तरी बाहेरही जाते. नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरावर असा आरोप आहे की त्याच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली. खटला सुरू होतो आणि तारखांमागून तारखा पडत राहतात. मृत कामगाराची पत्नी साक्षीत सांगते की तिचा नवरा गटारात उतरण्यापूर्वी आत खडा टाकत असे आणि झुरळ बाहेर येते का ते पाहत असे. सुरक्षेचे साधन एवढेच. हे वाक्य ती इतक्या सपाट आवाजात बोलते की न्यायालयातल्या कोणाच्याही चेहऱ्यावर काही उमटत नाही, आणि कॅमेराही जवळ जात नाही. या चित्रपटाचा कॅमेरा बहुतांशी दूर, स्थिर उभा असतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो कोरडेपणा वाटला होता. आता वाटते की न्यायालयात मागच्या बाकावर बसलेल्या माणसाला जेवढे दिसते तेवढेच दाखवण्याची ती शिस्त आहे. गीतांजली कुलकर्णी यांनी रंगवलेली सरकारी वकील खटला संपवून लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते, मुलांना घेऊन नाटकाला जाते. तिच्यात दुष्टावा अजिबात नाही, आणि म्हणूनच ती अधिक भीतिदायक ठरते. त्या नाटकात परप्रांतीयांवरच्या विनोदांना सगळे प्रेक्षागृह हसते, तो प्रसंग मराठी प्रेक्षकाने जरा सावरून बसूनच पाहावा.

त्यानंतर आठवड्याभरातच मी दादरला एक व्यावसायिक नाटक पाहिले. गृहनिर्माण संस्थेच्या टाकीवरून होणारी भांडणे हा विषय असल्याचे जाहिरातीतून कळल्यामुळे तिकीट काढले होते. पहिला अंक खुसखुशीत होता. पाण्याची वेळ चुकू नये म्हणून लग्नाच्या मुहूर्ताची वेळ बदलणारा चेअरमन तर अस्सल होता. दुसऱ्या अंकात मात्र त्याच चेअरमनने प्रेक्षकांकडे तोंड करून पाणी वाचवण्यावर भाषण ठोकले, आणि तिथे नाटक संपून शिबिर सुरू झाले. मध्यंतरातल्या बटाटावड्याविषयी तक्रार नाही.

उरलेल्या वाचनाविषयी थोडक्यात. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मी दर काही वर्षांनी उघडते. या वेळी त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याची प्रकरणे मुद्दाम वाचली. धुण्याच्या त्या अतिरेकापायी घरातल्या बायकांचे जे हाल होतात, ते लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात आणि त्या हसण्यामुळेच ते मनात रुतून बसतात. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ बारा महिन्यांप्रमाणे रचलेले असल्यामुळे मी ते चालू महिन्यापुरतेच वाचते. आषाढ संपला की पुस्तक मिटायचे. एका अलीकडच्या कादंबरीचे मात्र नाव घेत नाही. मुंबईच्या महापुरावरची ती कादंबरी दीडशे पानांनंतरही पहिल्याच रात्रीच्या पावसात अडकून होती, म्हणून मी ती वाचनालयाला परत केली.

खरेदी यंदा आटोपशीर होती. नवी छत्री घेण्याऐवजी जुनीच्या काड्या पुलाखाली बसणाऱ्या कारागिराकडून बदलून घेतल्या. त्याच्याकडे ऐन पावसात रांग असते आणि आपली छत्री त्याच्या हवाली करून भिजत उभे राहण्यावाचून गत्यंतर नसते. पुस्तकांच्या कपाटासाठी काष्ठौषधींच्या दुकानातून वेखंड आणले. त्याच्या पुरचुंड्या करून फळीवर ठेवल्या की कसर लागत नाही आणि डांबराच्या गोळ्यांसारखे डोकेही दुखत नाही. बुरशीवर मात्र त्याचा उपयोग नाही, तिथे कपाट उघडे ठेवून पंखा लावण्यालाच पर्याय नाही. फाउंटनला त्या प्लास्टिकखालून कोकणातल्या वनस्पतींवरची एक जुनी, पाठपुठ्ठा गेलेली पुस्तिका निघाली, ती घेतली.

आणि रानभाज्या. शेवळे जूनमध्येच येऊन जातात, पण टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी आणि कंटोळी जुलैत दादर स्थानकाबाहेर मिळतात. समुद्रातली मासेमारी ३१ जुलैपर्यंत बंद असल्यामुळे घरी सुके बोंबील आणि या भाज्या यांवरच महिना निघाला. फोडशी मुळाकडचा पांढरा भाग काढून, बारीक चिरून, भिजवलेली चणाडाळ घालून परतावी. टाकळ्याची मात्र कोवळी पानेच घ्यावीत, कारण पाने जून झाली की भाजी कडवट लागते. ज्या मावशींकडून मी भाजी घेते, त्या आसनगावहून पहाटेच्या गाडीने येतात. आसनगाव म्हणजे शहापूर तालुका, आणि भातसा व तानसा हे दोन्ही तलाव त्याच तालुक्यात आहेत. मी कौतुकाने त्यांना म्हटले की, भातसा यंदा लवकर भरतो आहे. त्या म्हणाल्या, “भरू दे बाई, आमच्याकडं मे महिन्यात टँकरच येतो.” मग त्यांनी कंटोळी मोजून दिली आणि वर मूठभर घातली.

ऑगस्टसाठी विषय अजून ठरलेला नाही. नारळी पौर्णिमा जवळ आहे आणि माहीम-वरळीच्या कोळीवाड्यांवर वाचायचे बरेच राहिले आहे, त्यामुळे बहुधा समुद्राकडेच वळेन. शहापूर तालुक्यातल्या पाणीपुरवठ्याविषयी मराठीत कोणी सविस्तर लिहिले असेल, तर ते आधी वाचायला मला आवडेल.