सांबराच्या नाकापुढे आपली धुलाई

वैशाखी पौर्णिमेच्या रात्री येऊरच्या जंगलात मचाणावर बसून पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करण्यासाठी मी स्वयंसेवक म्हणून नाव दिले. अर्ज, ओळखपत्र, परवानगी ही कामे इतकी सुरळीत झाली की त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. मी अडले ती स्वयंसेवकांना मिळालेल्या सूचनापत्रातल्या एका वाक्यापाशी. ‘अंगाला व कपड्यांना कोणताही वास नसावा,’ असे त्यात म्हटले होते. पाणी किती आणावे, टॉर्च केव्हा लावू नये, कपडे कोणत्या रंगाचे असावेत याविषयी सविस्तर लिहिणाऱ्याने या सर्वांत अवघड गोष्टीसाठी एवढी एकच ओळ खर्च केली होती, आणि ठाण्याच्या बाजारातून सामान आणून संसार करणाऱ्या बाईने ती पाळायची कशी, हे शोधताना माझ्या अक्षरशः नाकी नऊ आले.

ही अट अनाठायी मात्र नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या ठाण्याकडच्या या भागात सांबर, चितळ आणि भेकर आहेत, आणि या तिघांचाही डोळ्यांपेक्षा नाकावर भरवसा जास्त असतो. निश्चल बसलेला माणूस हरणाच्या नजरेतून सुटू शकतो. वाऱ्यावरून आलेला त्याचा वास सुटत नाही. आपल्या घामाला स्वतःचा असा वास फारसा नसतो, पण त्वचेवरचे जिवाणू त्या घामावर काम करू लागले की तो तयार होतो, आणि अंगावरून सतत गळणाऱ्या त्वचेच्या सूक्ष्म कणांबरोबर दूरवर जातो. म्हणजे माणूस जिवंत आहे तोवर त्याचा वास संपत नाही. तो कमी करता येतो, आणि त्याच्यावर आपण पैसे देऊन चढवलेला दुसरा वास काढून टाकता येतो.

या विषयावर सर्वांत बारकाईने विचार केला आहे तो अमेरिकेतल्या हरणांच्या शिकाऱ्यांनी. तेथे परवाना काढून ठरावीक मोसमात शिकार करता येते. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या 1991 च्या दुरुस्तीने तो विषय संपला, आणि तो संपला याचा मला आनंदच आहे. पण हरणाच्या नाकाला चकवण्याची त्यांची विद्या हातात बंदूक नसणाऱ्यालाही तितकीच उपयोगी पडते, म्हणून मी त्यांचे बरेच लेखन वाचून काढले. त्यांच्यातल्या जाणत्यांचे म्हणणे असे, की आधी वारा पाहावा आणि साबणाचा विचार सगळ्यांत शेवटी करावा. ज्या झाडावर बसल्यास वारा हरणाकडून आपल्याकडे येईल तेच झाड निवडावे, आणि वारा फिरला तर त्या दिवशी तेथे बसूच नये. सल्ला उत्तम आहे, परंतु आमच्या उपयोगाचा नाही. आमचे मचाण वनखात्याने ठरवलेले, बसण्याची रात्र पंचांगाने ठरवलेली, आणि एकदा वर चढल्यावर दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत खाली उतरायचे नाही. वाऱ्याची निवड हातातून गेल्यावर माणसाच्या हाती उरतो तो केवळ साबण, आणि नेमका तोच मिळत नाही.

जांभळी नाक्यापासून आमच्या वर्तकनगरच्या कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत मी बिनवासाची धुण्याची पावडर मागत फिरले. एकीत लिंबू, दुसरीत मोगरा, तिसरीत गुलाब, आणि चौथीच्या पाकिटावर नुसतेच ‘ताजेपणा’ लिहिलेले, ज्याचा वास या तिन्हींपेक्षा उग्र होता. एका दुकानदाराने समजुतीच्या सुरात सांगितले, ‘‘ताई, गिऱ्हाईक पुडा हातात घेतं आणि आधी नाकाला लावतं. वासच नसेल तर माल उठणार कसा?’’ त्याचे खरेच होते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी त्याच क्षणी एक पुडा नाकाला लावला, मान हलवली आणि तो पिशवीत टाकला.

अंगाच्या साबणाची कथा याहून वाईट. औषधांच्या दुकानात मला लहान मुलांचा साबण सुचवण्यात आला, पण तान्ह्या बाळाच्या साबणाइतका घमघमाट क्वचितच कशाला येत असेल. नाजूक त्वचेसाठी म्हणून मिळणारी एक महागडी वडी घरी आणून वेष्टनावरची बारीक अक्षरे भिंगाने वाचली, तेव्हा यादीच्या अगदी शेवटी ‘परफ्यूम’ हा घटक सापडला. त्या दुकानात वडी परत करायला गेले तर वेष्टन फोडलेला माल परत घेत नाहीत असे उत्तर मिळाले. वेष्टन फोडल्याशिवाय वास कसा घ्यायचा, या माझ्या प्रश्नावर काउंटरवरचा मुलगा पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. तो प्रसंग मला अजून आठवतो आणि अजून राग येतो. ज्यांना सुवासाची ॲलर्जी असते अशी माणसे या शहरात काय करत असतील, कोण जाणे. वेष्टनावर ‘सौम्य’ किंवा ‘नैसर्गिक’ लिहिले आहे म्हणून फसू नये, घटकांची यादी शेवटपर्यंत वाचावी, एवढे शहाणपण मी त्या वडीच्या किमतीत विकत घेतले.

तिकडून मी ऑनलाइन वळले. अमेरिकेतल्या शिकाऱ्यांसाठी वास मारणारे फवारे मिळतात, कोळशाचा थर असलेले कपडे मिळतात, ओझोन सोडणारी यंत्रेही मिळतात. ओझोन श्वासावाटे छातीत गेलेला चांगला नाही, त्यामुळे ते यंत्र दोन खोल्यांच्या घरात आणण्याचा प्रश्नच नव्हता. कोळशाचे कपडे वास शोषतात हे खरे, परंतु एकदा भरलेला कोळसा पुन्हा पुरता रिकामा करायला जी काही शे अंशांची उष्णता लागते ती घरातल्या कोणत्याही यंत्रात मिळत नाही, मिळाली तर आधी कापड जळेल. एका रात्रीसाठी हा खर्च करणे मला पटले नाही.

शेवटी सुटका केली ती काष्ठौषधींच्या दुकानातल्या रिठ्यांनी. सुरकुतलेले, तपकिरी, चिकट रिठे फोडून त्यांतल्या काळ्या बिया काढाव्या लागतात, आणि त्या ओट्यावरून घरंगळत घरभर जातात. साली रात्रभर भिजत घातल्या, सकाळी कुस्करून पाणी गाळले, की ते पाणी ढवळल्याबरोबर दाट फेस येतो. त्याला थोडा आंबूस वास असतो, पण दोनदा स्वच्छ पाण्यात खळबळल्यावर कपड्यात तो राहत नाही. याच पाण्याने केसही धुतले. डोळ्यांत मात्र थेंब जाऊ देऊ नये, फार झोंबते. अंगाला हरभऱ्याच्या डाळीचे पीठ लावले आणि काखेत खाण्याचा सोडा चोळला. रिठ्याचा आणखी एक फायदा मला वाचताना कळला. आजच्या धुण्याच्या पावडरींत कपडे अधिक पांढरे दिसावेत म्हणून जे चमक आणणारे द्रव्य घालतात, ते अतिनील प्रकाश शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकते, आणि हरणांची नजर लाल रंगाला कमी पण निळ्याला चांगलीच तरबेज असते. म्हणजे आपण मातकट रंगाचा सदरा घालून जावे आणि हरणाला तो उजळ दिसावा, असा तो प्रकार आहे.

एवढे करून कपडे नेहमीच्या वॉशिंग मशीनमध्ये टाकले असते तर सगळे मुसळ केरात गेले असते. मशीनच्या पिंपात आधीच्या कित्येक धुण्यांचे फॅब्रिक कंडिशनर बसलेले असते, ते हाताला कळत नाही, नाकाला कळते. म्हणून मी बादलीतच धुतले. मशीनच वापरायचे असेल, तर ते आधी धुण्याचा सोडा घालून कडक पाण्यावर रिकामे फिरवावे. वाळत कुठे घालावे हा प्रश्न फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने हलका समजू नये. आमच्या गॅलरीत खालच्या मजल्यावरची लसणाची फोडणी येते, आणि मे महिन्यात शेजारच्या काकूंच्या ताटात सुके बोंबील उन्हाला ठेवलेले असतात. मी गच्चीची किल्ली मागून घेतली. वाळलेले कपडे कपाटात डांबरगोळ्यांच्या शेजारी ठेवू नयेत हे सांगायला नको. मी ते झाकणाच्या डब्यात, सोसायटीतल्या आंब्याच्या वाळक्या पानांसह ठेवले, म्हणजे लागलाच तर झाडाचा वास लागावा. पाने राष्ट्रीय उद्यानातून आणू नयेत, तेथून काहीही उचलणे नियमाविरुद्ध आहे.

खाण्याचे पथ्य तुलनेने सोपे होते. लसूण आणि कांद्यातली गंधकयुक्त द्रव्ये रक्तात मिसळून श्वासावाटे आणि घामावाटे बराच काळ बाहेर पडत राहतात, दात घासून ती जात नाहीत, त्यामुळे आधीपासूनच दोन्ही बंद केले आणि मचाणावरच्या डब्यात भाकरी, गूळ आणि उकडलेले बटाटे नेले. डास ही खरी अडचण. डासांची क्रीमे त्या शांत हवेत दूरवर दरवळतात. त्यांऐवजी पूर्ण बाह्यांचा सदरा, मोज्यांत खोचलेली पँट आणि टोपीवरून गळ्यापर्यंत येणारी जाळी, एवढ्यावर मी निभावले, आणि कोणी विचारले तर हेच सांगेन.

धुतलेले कपडे घालून घरातून निघू नये. रिक्षातली उदबत्ती, घाटातल्या गाड्यांचा धूर, चढावरचा घाम हे सगळे त्यांत उतरते. मी साध्या कपड्यांत उपवनावरून वर आले, चालताना मुद्दाम सावकाश चालले, मचाणाजवळ पोचल्यावर ओल्या फडक्याने अंग पुसले आणि तेव्हा कपड्यांचा डबा उघडला. माझ्याबरोबर नेमलेली कॉलेजातली मुलगी हे सारे पाहून हसू दाबत होती. ‘‘काकू, मी फक्त थोडा डिओ मारलाय, चालेल ना?’’ असे तिने विचारले तेव्हा मी तिला माझा जादा सदरा आणि सोडा दिला. तिने कुरकुर न करता दोन्ही घेतले, याबद्दल मी तिची आभारी आहे.

आता वाऱ्याविषयी. निवडता येत नसला तरी तो पाहावा, कारण कोणत्या बाजूने येणारा प्राणी बिथरेल हे आधी कळते. अमेरिकेतले शिकारी यासाठी मिल्कवीडच्या बोंडातले रेशमी तंतू वाऱ्यावर सोडतात. आपल्याकडची रुई त्याच कुळातली आणि उन्हाळ्यात तिची बोंडे फुटतात, म्हणून मी रस्त्याकडेच्या रुईच्या ‘म्हाताऱ्या’ काडेपेटीत भरून नेल्या होत्या. दुपारी समुद्राकडचा वारा पश्चिमेकडून येत होता. अंधार पडल्यावर तो मंदावला, आणि मग सोडलेली म्हातारी आधी जागच्या जागी घुटमळली, नंतर उताराला लागून ठाण्याच्या दिशेने खाली सरकत गेली. रात्री डोंगरावरची हवा थंड होऊन जड होते आणि पाण्याच्या मार्गानेच उतरते. याचा अर्थ उघड होता: वरून येणाऱ्याला आम्ही कळणार नव्हतो, नाल्याकडून येणाऱ्याला कळणार होतो.

मध्यरात्रीनंतर सांबराची एक मादी वरच्या अंगाने आली. पाण्यापासून थोड्या अंतरावर थांबून तिने मान उंच केली, कान एकामागून एक फिरवले, आणि ओल्या नाकपुड्या फुगताना चांदण्यात स्पष्ट दिसल्या. आमच्या बाजूला तिने बराच वेळ तोंड करून ठेवले होते. मग ती गुडघाभर पाण्यात शिरली आणि पीत राहिली. मला झालेला आनंद मी लपवणार नाही. त्यात रिठ्यांचा वाटा किती आणि वाऱ्याचा किती हे मात्र प्रामाणिकपणे सांगायचे तर वाऱ्याचाच मोठा असणार. कारण पहाटेच्या सुमारास नाल्याच्या बाजूने आलेले भेकर आमच्यापासून बऱ्याच अंतरावर असतानाच अडले, त्याने पुढचा पाय जमिनीवर आपटला आणि जे भुंकायला लागले ते थांबेचना. त्याने काय हुंगले असेल, सोडा की आम्ही, हा प्रश्न त्या मुलीने वहीत लिहून ठेवला आहे. माझा अंदाज असा, की रिठ्याने ते अंतर कमी केले असेल, मिटवले नाही. न धुता गेले असते तर भेकर दिसलेही नसते, नुसते दुरून ऐकू आले असते.

पायांविषयी लिहायचे राहिले. चामड्याचे बूट वास धरून ठेवतात, रबराचे कमी धरतात. बांधकामाच्या सामानाच्या दुकानातले साधे गमबूट सोड्याच्या पाण्याने धुऊन वापरावेत, आणि आतले मोजेही रिठ्यातच धुवावेत. कॅमेऱ्याचा पट्टा आणि पाठपिशवी यांनाही हाच न्याय, कारण वर्षभराचा घाम सर्वांत जास्त तेथेच मुरलेला असतो. हे सगळे परवानगी घेऊन, नेमून दिलेल्या मचाणावर बसणाऱ्यांसाठी आहे. येऊरच्या जंगलात बिबटे आहेत, आणि पायी फिरणाऱ्या माणसाची चाहूल त्यांना लांबूनच लागलेली दोघांच्याही हिताची असते. पुढच्या वर्षीच्या सूचनापत्रात त्या एका ओळीखाली ‘रिठे वापरावेत, घटकांची यादी वाचावी, कपडे तेथे जाऊन बदलावेत’ एवढे छापावे, असे मी संबंधितांना लिहून कळवले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.