माळ्यावरचा डबा

आज रविवार. उन्हानं सोलापूर नुसतं भाजून निघालंय, त्यामुळे बाहेर पडायचा प्रश्नच नव्हता. आईनं माळा आवरायला लावला आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा हाती लागला. हलवला, आवाजावरूनच ओळखलं. माझे ठोकळे!

त्यातले थोडे मामानं आणलेले लेगोचे, बाकीचे गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावरून हट्टानं घेतलेले. जत्रेतले तेव्हाही नीट बसायचे नाहीत, आजही नाहीत. लेगोचे मात्र टक्कन बसतात. १९५८ साली पेटंट घेतलेल्या मापाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो म्हणे. इथं आमच्या दोन वर्षांपूर्वीच्या मोबाईलला चार्जर मिळेना!

पोरीला गंमत सांगितली, वर आठ बटणं असलेले एकाच रंगाचे सहा ठोकळे ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही तर एकच भिंत करताय." खरंय. मी भुईकोट किल्ल्याचा बुरूज करत होतो. दिवाळीत मातीचा किल्ला करताना जी मान मोडायची, तीच मोडली. शेंगाचटणी-भाकरीचं ताट गार झालं, आई दोनदा ओरडली, तरी उठलो नाही.

बुरुजाला शेवटी एक काळा ठोकळा कमी पडला. सगळा माळा पालथा घातला. संध्याकाळी आई शांतपणे म्हणाली, "तो होय? शिलाई मशीनच्या पायाखाली लावलाय. काढू नकोस, डगमगतं ते."