सकाळी आठच्या रस्त्यावरच्या एलेनबाई

कॅलिफोर्नियात आम्ही राहतो त्या पालो आल्टोमध्ये ब्रायंट स्ट्रीट नावाचा एक झाडांचा, सरळ रस्ता आहे. सायकलमार्ग म्हणून त्याला एका बाईचं नाव दिलं आहे, एलेन फ्लेचर. अमेरिकेतला पहिला ‘सायकल बुलेव्हार्ड’, म्हणजे सायकलींना प्राधान्य देणारा रस्ता, तो हाच, १९८२ साली सुरू झालेला. एलेनबाई नोव्हेंबर २०१२ मध्ये गेल्या. मी तिथे राहायला गेले ते त्यानंतर, त्यामुळे त्यांची माझी भेट कधीच झाली नाही. तरी परक्या गावात मला माणसं मिळाली ती बरीचशी त्यांच्या पुण्याईने. सध्या पार्ल्याला आईकडे आले आहे आणि जो भेटेल त्याला त्यांच्याबद्दल सांगते आहे, तेव्हा म्हटलं, लिहूनच काढावं.

नव्या देशात पहिलं वर्ष किती एकटं जातं, ते तिकडे गेलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. घरं लांब, दारं बंद, माणसं गाडीच्या काचेआड. मुलीला शाळेत सोडायला मी सायकल घेतली, आणि एका रस्त्यावर ही सगळी परिस्थिती बदलली. रोज त्याच वेळी, त्याच चौकात तेच आईबाप आणि तीच पोरं. आधी नुसती मान हलायची, मग नावं कळली, मग कुणाची चेन निसटली की सगळे थांबू लागले. मला ताप आला तेव्हा माझ्या मुलीला दुसऱ्याच आईने आपल्या दोघांबरोबर शाळेत पोचवलं. ती मूळची कोरियातली. आमचं बोलणं मोडकंतोडकं, पण विश्वास पक्का. गाडीतून जात असते तर ती मला कधी भेटलीच नसती.

हा रस्ता आपोआप असा झालेला नाही. एलेनबाई १९२८ साली बर्लिनमध्ये ज्यू घरात जन्मल्या. हिटलरच्या जर्मनीतून ज्यू मुलांना इंग्लंडला नेणाऱ्या गाड्या निघाल्या, ज्यांना किंडरट्रान्सपोर्ट म्हणतात. १९३८ च्या डिसेंबरपासून महायुद्ध सुरू होईपर्यंत सुमारे दहा हजार मुलं अशी वाचली. त्यांतल्या त्या एक. युद्ध संपल्यावर त्या अमेरिकेत आल्या आणि पुढे कॅलिफोर्नियात स्थिरावल्या. त्यांचं सार्वजनिक काम सुरू झालं ते मुलांच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघातून. मुलं शाळेत सुखरूप कशी पोचतील, एवढाच प्रश्न होता. तो प्रश्न हातात धरून त्या १९७७ मध्ये नगर परिषदेवर निवडून आल्या आणि १९८९ पर्यंत तिथे होत्या.

त्यांच्या कामातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्याचा साधेपणा. ब्रायंटवर सायकलींसाठी रंगीत पट्टा नाही, उड्डाणपूल नाही. मोटारीही जातात, पण ज्यांची घरं तिथे आहेत त्यांच्याच. कारण काही ठिकाणी रस्ता आडवा बंद केला आहे. मोटारीला वळावं लागतं, सायकल मात्र मधल्या फटीतून सरळ जाते. आडव्या गल्ल्यांना थांबायच्या पाट्या आहेत, ब्रायंटला कमी, म्हणजे लहान मुलाला दर पन्नास पावलांवर उतरून पुन्हा पेडल मारायला लागत नाही. मॅटाडेरो नावाच्या ओढ्यावर फक्त सायकली आणि पायी चालणाऱ्यांसाठी छोटा पूल आहे. लांबून जाणाऱ्या मोटारवाल्याला या रस्त्याचा काही उपयोग उरत नाही, म्हणून तो येत नाही. आधी हे प्रयोग म्हणून केलं, लोकांना पटलं, मग कायम झालं आणि पुढे रस्ता लांबवला. सिमेंटचे काही ठोकळे, थोड्या पाट्या आणि बैठकीमागून बैठकीला हजर राहणारी एक बाई. खर्चाचा मामला नव्हताच, चिकाटीचा होता.

आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे एका माध्यमिक शाळेला टर्मन हे नाव होतं. त्या नावामागचे लुईस टर्मन हे मानसशास्त्रज्ञ माणसांची वंशावरून प्रतवारी लावणाऱ्या विचाराचे पुरस्कर्ते होते. २०१८ मध्ये ते नाव काढून शाळेला एलेन फ्लेचर यांचं नाव दिलं. वंशामुळे जिला घर सोडावं लागलं, त्या मुलीचं नाव तिथे आलं. आज तिथली कितीतरी पोरं सायकलवरून त्या शाळेत जातात. मला तरी स्मारक म्हणून याहून मोठं काही सुचत नाही.

आता मुंबई. इथे आल्यावर आईच्या सोसायटीतल्या बायकांनी मला त्यांच्या सायकल गटात ओढलं. बँकेतल्या, शाळेतल्या, दोघी तर नातवंडं झालेल्या. सुट्टीच्या दिवशी पहाटे साडेपाचला निघायचं, मरीन ड्राइव्हपर्यंत जायचं आणि परतताना दादरला मिसळ. साठीच्या मावशी चढावर उभ्या राहून पेडल मारतात ते पाहून मला भरून आलं. फिरोझा सुरेश यांनी मुंबईच्या सायकल महापौर म्हणून (हे पालिकेचं पद नव्हे, सायकलीच्या प्रसारासाठीचं मानाचं पद) चोवीस वॉर्डांसाठी सायकल नगरसेवक नेमले होते, त्या हाकेला ओ देणारी अशीच माणसं असणार. या बायका थोर आहेत, यात मला शंका नाही.

पण एक गोष्ट मी त्यांनाही सांगितली. आपण पहाटे निघतो कारण तेव्हा रस्ता मोकळा असतो. आठ वाजता यांच्यातली एकही सायकल काढत नाही. आणि खरी सायकल आठची असते: शाळेची, स्टेशनची, भाजीची. ती आजही मुंबईत आहे. डबेवाले चालवतात, दूधवाले चालवतात, वॉचमन आणि इस्त्रीवाले चालवतात, आणि त्यांना कुणी सायकलपटू म्हणत नाही. बीकेसीत मोठ्या खर्चाने ट्रॅक बांधला, त्यावर गाड्या उभ्या राहिल्या. पवई तलावाकाठचा ट्रॅक उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बेकायदा ठरवला, आणि पाणथळ जागा बुजवून फिरायला वाट करणं मलाही नको होतं. दोन्ही ठिकाणी सुरुवात ट्रॅकपासून झाली. एलेनबाईंची सुरुवात शाळेत जाणाऱ्या मुलापासून झाली होती.

माझी भाची सातवीत आहे. शाळा घरापासून पंधरा मिनिटं चालत, आणि ती रिक्षाने जाते. सायकल आहे, ती जिन्याखाली. वहिनीला विचारलं तर म्हणाली, “अगं, मला काय हौस आहे का? त्या एका नाक्यावर मी स्वतः जीव मुठीत धरून रस्ता ओलांडते.” तिचं बरोबरच आहे. म्हणून शनिवारी गटातल्या चौघी, वहिनी आणि भाची असे आम्ही तो अख्खा रस्ता शाळा भरायच्या वेळी चालत गेलो. दुहेरी पार्किंग कुठे, रिक्षा कुठे उभ्या राहतात, गटाराच्या जाळीत चाक अडकेल अशा फटी कुठे, हे सगळं वहीत लिहिलं. आतली एक गल्ली जवळजवळ शाळेच्या मागच्या फाटकापर्यंत जाते. ते फाटक बंद असतं. ते सकाळी अर्धा तास उघडलं आणि गल्लीच्या तोंडाशी मोटारींना त्या वेळेपुरती मनाई केली, तर नाका ओलांडायची गरजच नाही. हे भाचीने शोधलं, मोठ्यांपैकी कुणाला दिसलं नव्हतं.

मुख्याध्यापकांना पत्र गेलं आहे, वॉर्ड ऑफिसचा अर्ज वहिनी नेणार आहे. शाळेत सायकली लावायला जागा हवी, हेही त्यात घातलं आहे. पार्ल्यातल्या कुणाची मुलं त्याच बाजूने जात असतील तर अर्जावर सही हवी आहे. सोमवारी संध्याकाळी सातनंतर आईकडे या, चहा आहेच.