नकाशावर आमचं गाव हिरवं होतं

मी नक्की काय काम करते हे आमच्या आंजर्ल्यात (कोकणात, दापोली तालुक्यात) आजवर कुणाला नीट समजावता आलेलं नाही. आई सांगते "हवामान खात्यात आहे", जे साफ खोटं आहे. अण्णा सांगतात "कंप्युटरवर दुसऱ्यांची वादळं बघते", ते त्यातल्या त्यात खरं. एका संस्थेसाठी (नाव नको) भारत आणि आजूबाजूच्या देशांतल्या आपत्त्यांवर नजर ठेवायची, म्हणजे नेपाळात भूकंप, बांगलादेशात वादळ, पाकिस्तानात पूर, श्रीलंकेत दरडी, म्यानमार, अफगाणिस्तान, सगळंच. कुठे काही झालं की पहिले तीन-चार दिवस रोज संध्याकाळी एक रिपोर्ट काढायचा. कुठला जिल्हा, किती माणसं, रस्ते कसे आहेत, फोन लागतायत का, तातडीने काय लागेल. हे वाचून पुढचे लोक ठरवतात की ताडपत्र्या आणि गोळ्या कुठे पाठवायच्या.

टीम चार जणांची, काठमांडूचे दाइ (नेपाळीत थोरला भाऊ), ढाक्याची आपा (त्यांच्याकडे थोरली बहीण), कोलंबोतला एक मुलगा आणि मी. सगळ्यात मोठा वैताग घड्याळाचा. आपण जीएमटीच्या, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेच्या, साडेपाच तास पुढे, नेपाळ पावणेसहा, ढाका सहा, म्यानमार साडेसहा, पाकिस्तान पाच, काबूल साडेचार. "सकाळी अकरा वाजता धक्का बसला" म्हटलं की पहिला प्रश्न, कुणाचे अकरा? मी स्वयंपाकघरात दोन घड्याळं लावली होती, एक आपलं, एक जीएमटीचं. आईला वाटायचं दुसरं बंद पडलंय, ती ते मधूनच "दुरुस्त" करायची.

तर २०२० चा मे महिना. लॉकडाऊनमुळे मी मार्चमध्येच दिल्लीहून घरी आलेली. २० मे ला अम्फान चक्रीवादळ बंगालमध्ये घुसलं आणि आम्ही पाच दिवस झोपलो नाही म्हणजे खरंच नाही. अम्फान हे नाव थायलंडचं. २००४ साली आठ देशांनी मिळून ६४ नावांची यादी केली होती त्यातलं ते अगदी शेवटचं. नवी यादी त्याच एप्रिलमध्ये आलेली, आता १३ देश, प्रत्येकाची १३ नावं, १६९. इराण, कतार, सौदी, येमेन हेही आले त्यात. अक्षरांच्या क्रमाने पहिला नंबर बांगलादेशचा, आणि त्यांचं पहिलं नाव निसर्ग.

१ जूनला अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तीव्र झालं तेव्हा आपाचा मेसेज, "आमचं नाव तुमच्याकडे येतंय, नीट पाहुणचार कर." मी हसण्याच्या चार स्मायल्या टाकल्या. रात्री अण्णांना सांगितलं तर ते अडकित्त्यात सुपारी धरून म्हणाले, "निसर्ग? नाव ठेवायला काय जातंय त्यांचं." मग थोड्या वेळाने, "फयानसारखं आहे काय गो?" आमच्याकडे २००९ च्या फयान वादळानंतर तो शब्द मोजमाप झालाय, पाऊस जास्त झाला तरी "अगदी फयान झालं" म्हणतात.

दिल्लीचं हवामान खातं या सगळ्या १३ देशांसाठी वादळाचे अंदाज काढतं. वादळ उठलं की दर तीन तासांनी बुलेटिन. त्यात होतं, हरिहरेश्वर ते दमणच्या मध्ये, अलिबागच्या आसपास किनाऱ्याला लागणार. आता हरिहरेश्वर आमच्यापासून वर, मध्ये बाणकोटची खाडी. म्हणजे नकाशावर वादळाच्या वाटेची जी रेषा काढतात, तिच्या बाहेर आम्ही. इथे मी काय केलं ते सांगते, कारण मला अजून त्याची लाज वाटते. सहा वर्षं मी नव्या पोरांना शिकवत होते की ती रेषा फक्त वादळाच्या डोळ्याची असते, वारा शेकडो किलोमीटर पसरलेला असतो, रेषेच्या बाहेर म्हणजे सुटका नाही. आणि स्वतःच्या गावाची वेळ आल्यावर मी नकाशा झूम केला, बोटाने अंतर मोजलं आणि आईला म्हटलं, "आपल्याला एवढं नाही, अलिबागला जातंय."

तरी तयारी झालीच. मासेमारी १ जूनपासून बंद असते त्यामुळे होड्या खाडीत आत नेऊन बांधलेल्याच होत्या, आगोटीचं (पावसाळ्याआधीचं) सामान भरून झालं होतं, लाकडं माळ्यावर. शाळेत मुंबईहून आलेले चाकरमानी क्वारंटाइन होते, आणि किनाऱ्यावरच्या लोकांना हलवायचं तर त्याच शाळेत, त्यावरून ग्रामपंचायतीत २ तारखेला जे भांडण झालं ते लिहायला वेगळा लेख लागेल.

३ तारखेला सकाळी आठच्या सुमारास लाइट गेली. मी लॅपटॉप बॅटरीवर आणि नेट मोबाइलचं, असं ओटीवर बसून टेबल भरत होते. आमच्या टेबलात प्रत्येक तालुक्याला रंग असतो. लाल म्हणजे मोठं नुकसान, पिवळा म्हणजे थोडं किंवा माहिती येतेय, हिरवा म्हणजे नुकसान नाही आणि पांढरा म्हणजे माहितीच नाही. आता खरी गोम ऐका. पांढरा रंग वरच्या लोकांना आवडत नाही. नकाशा अर्धवट दिसतो म्हणे. त्यामुळे संध्याकाळची डेडलाइन आली की पांढरे तालुके हळूच हिरवे होतात. "नुकसान नाही" आणि "नुकसानीचं वृत्त नाही" यातला फरक एका शब्दाचा आहे हो, पण तो शब्द घाईत गळतो. सगळेच करतात, मीही केलंय.

पावणेदहाला रेंजचा एक दांडा उरला. दाइंना मेसेज टाकला, "रेंज जातेय, माझे जिल्हे तुम्ही बघा." एकच टिक आली, दुसरी आलीच नाही. गेला की नाही हे दोन दिवस कळलं नाही.

मग वारा. आधी गावाकडून म्हणजे पूर्वेकडून येत होता, तो फिरत फिरत दक्षिणेकडून यायला लागला. हे मला कागदावर माहीत होतं, आपल्याकडे चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या उलट फिरतो, डोळा आपल्या पश्चिमेला समुद्रातून वर सरकत असेल तर वारा असाच फिरणार. हे ज्ञान कौलं उडत असताना काहीच कामाला येत नाही. मागच्या दाराला बाकडं लावून मी, आई आणि भाऊ असे तिघे पाठ टेकून बसलो होतो आणि दार श्वास घेतल्यासारखं आत-बाहेर होत होतं. पडवीचे पत्रे पहिल्याच तासात गेले. ते कुठे गेले हे शेवटपर्यंत कळलं नाही, आमच्या अंगणात मात्र दुसऱ्याच कुणाचा तरी निळा पत्रा सापडला.

पोफळी कशा मोडतात हे कुणी विचारलं तर सांगते. नारळ मुळासकट आडवा पडतो, जमीन हादरते. पोफळ मात्र वाकते, वाकते, इतकी वाकते की वाटतं आता उभी राहणार, आणि मग मधोमध काड्कन तुटते. एक तुटली की दोन मिनिटं काही नाही, मग एकदम आठ-दहा. अण्णा सुरुवातीला प्रत्येक आवाजाला "हं" म्हणत होते. नंतर त्यांनी म्हणणं बंद केलं.

दुपारी दोननंतर वारा समुद्राकडून यायला लागला आणि उतरला. आम्ही दार उघडलं नव्हतं तरी घरात काहीतरी वेगळं वाटत होतं, ते काय हे आईच्या लक्षात आलं. माजघरात उजेड होता. आमच्या माजघरात दिवसाही दिवा लावावा लागतो, मागे वाडी एवढी दाट. मागचं दार उघडलं तर समोर थेट समुद्र. त्या दारातून समुद्र दिसतो हे मला चौतीस वर्षांत माहीत नव्हतं, फक्त ऐकू यायचा. आई म्हणाली, "अगो बाय, हे काय," आणि तिथेच पायरीवर बसली. मी सवयीने मोजायला लागले. पोफळी एकशे चाळीसच्या वर होत्या, उभ्या अकरा. नारळ बावीस होते, उभे नऊ, त्यातल्या तिघांचा शेंडा गेलेला. रिपोर्टात अशा गोष्टीला एक ओळ असते, "फळबागांचं नुकसान". पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात हे त्या ओळीत येत नाही. मी स्वतः ती ओळ अम्फानच्या वेळी दहाबारा वेळा लिहिली होती.

४ तारीख रस्ता मोकळा करण्यात गेली. कोयते, कुऱ्हाडी, एक मशीनची करवत आणि अख्खी आळी. वर कड्यावरच्या गणपतीकडे एरवी चांगली रेंज येते म्हणून भाऊ चढून गेला, तिथेही शून्य. मुंबईचे लोक फोन लावून लावून वेडे झाले असणार आणि आम्हाला ते कळायचा मार्ग नाही. बॅटरीवरचा रेडिओ कुणाकडे तरी निघाला, त्यावर ऐकलं की मुंबई वाचली. बरं झालं, वाचली. पण ते ऐकून आळीत जी शांतता पसरली ती मला रिपोर्टात लिहिता येणार नाही.

५ ला मी आणि भाऊ मोटरसायकलवर निघालो. त्या दिवशी वटपौर्णिमा होती. आई म्हणाली, "वडाचं नंतर बघू, आधी मेणबत्त्या आणा." दापोलीत पोचायलाच तीन तास लागले, कित्येक ठिकाणी गाडी उचलून झाडावरून पलीकडे घेतली. दापोलीत रेंज नाही. पुढे वाकवली, फुरूस, नाही. खेडजवळ भरणे नाक्याला हायवेवर आलो आणि खिशात फोन जो थरथरायला लागला तो थांबेना. पाचशेच्या वर मेसेज. मी नातेवाइकांचे बाजूला ठेवून (हो, हेही लाजिरवाणंच आहे) आधी ३ तारखेचा रिपोर्ट उघडला.

रायगडचे तालुके लाल. मुंबई पिवळी. रत्नागिरी शहर पिवळं, कारण मिऱ्याला बसरा स्टार जहाज किनाऱ्याला लागलं होतं आणि त्याचे फोटो सगळीकडे होते. दापोली हिरवं. मंडणगड हिरवं. बाजूच्या रकान्यात, "मोठं नुकसान नाही". ४ च्या रिपोर्टातही तेच, कॉपी-पेस्ट.

मी रस्त्याच्या कडेला उभी राहून दाइंना फोन लावला आणि पहिलं काय बोलले ते इथे लिहीत नाही. ते बिचारे ऐकत राहिले. मग म्हणाले, "बहिणी, तिकडून काही आलंच नाही. तिकडून माहिती देणारी तूच होतीस."

यावर काय बोलणार. दापोलीचा सोर्स मी, आणि मी दाराला पाठ लावून बसलेली.

आणि हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळात ७.८ चा भूकंप झाला तेव्हा पहिले फोटो, पहिले आकडे सगळे काठमांडूचे. सगळ्यात जास्त माणसं गेली सिंधुपाल्चोकमध्ये, लांगटांग गाव तर बर्फ आणि दरडीखाली अख्खं गेलं. २००८ ला म्यानमारच्या नर्गिस वादळात सुरुवातीचे आकडे काहीशेचे होते आणि शेवटी लाखाच्या पार गेले, कारण इरावडीच्या मुखाकडून बोलायलाच कुणी उरलं नव्हतं. दाइ स्वतः सिंधुपाल्चोकचे आहेत. २०१५ ला त्यांच्या घराची बातमी त्यांना कशी कळली ते त्यांनी मला एकदा सांगितलं होतं, फोनवर ते दोघांनाही आठवलं असणार, कारण बराच वेळ कुणीच बोललं नाही.

मग आम्ही कामाला लागलो. मी सांगत गेले, ते टाइप करत गेले. आंजर्ल्यापासून भरण्यापर्यंत विजेचे खांब दिसले त्यातले उभे कमी, पडलेले जास्त. फोन बंद. पाणी बंद, कारण पंप विजेवर. शाळांचे पत्रे गेलेले, म्हणजे जिथे आसरा द्यायचा तीच जागा गेली. तातडीने काय लागेल म्हणाले, तर माझ्या तोंडून निघालं कौलं, ताडपत्र्या आणि मेणबत्त्या. एरवी मी "निवारा साहित्य" म्हणते.

मध्येच आपा कॉलवर आली. तिच्याकडे १९७० च्या भोला वादळात तीन ते पाच लाख माणसं गेली, त्यानंतर १९७२ पासून किनाऱ्यावर गावागावात स्वयंसेवक आहेत, झेंडे लावतात, भोंग्यावर सांगत फिरतात, आणि वादळ गेल्यावर तेच वायरलेसवरून वर कळवतात. तिने सरळ विचारलं, "तुमच्या गावातून वादळानंतर बोलायला कोण असतं?" मी म्हटलं तलाठी, पोलीस पाटील. ती म्हणाली, "त्यांच्याकडे काय असतं?" म्हटलं, "मोबाइल." ती गप्प.

शेवटी दाइ म्हणाले, "लाल करतो. पण सोर्सच्या रकान्यात काय लिहू? दोन वेगवेगळे पाहिजेत." हा नियम मीच आणलेला, २०१८ मध्ये, अफवा टाळायला.

मी भावाकडे बघितलं. तो टपरीवरून दोन डझन मेणबत्त्या घेऊन येत होता. म्हणाला, "मी आहे की दुसरा."

"एकाच घरातले नाही चालत," दाइ पलीकडून ऐकून म्हणाले, आणि खरं सांगते, ते बरोबर होतं.

तेवढ्यात मंडणगडच्या बाजूने एक टेम्पो येऊन थांबला, पुढची काच फुटलेली, जागी प्लॅस्टिक लावलेलं. ड्रायव्हर उतरून फोन वर धरून रेंज शोधायला लागला. मी माझा फोन त्याच्यासमोर धरला आणि म्हटलं, "दादा, जरा यांना सांगता का तिकडे काय झालंय?"

त्याने फोन कानाला लावला, कोण बोलतंय हेही विचारलं नाही, आणि जो बोलायला लागला तो माझी बॅटरी संपेपर्यंत थांबला नाही.