आई-बाबा फिरायला बाहेर पडतात तेव्हा

उन्हाळा जवळ आला की अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये आई-बाबा यायला लागतात. विमा, औषधं, विमानात व्हीलचेअर, सगळ्याची चौकशी होते. पण इथे पोलिसाने रस्त्यात अडवलं तर काय, हे त्यांना कुणीच सांगत नाही. आपल्याला वाटतं, ते कृष्णवर्णीयांचं दुखणं, आपला काय संबंध?

फेब्रुवारी 2015 मध्ये अलाबामातल्या मॅडिसन गावात गुजरातहून मुलाकडे आलेले 57 वर्षांचे आजोबा सकाळी घराजवळ फेरी मारत होते. शेजारच्या कुणीतरी 911 ला फोन केला: अनोळखी, बारीक, काळा माणूस फिरतोय. पोलीस आले. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, ते तेवढंच सांगत राहिले. एका अधिकाऱ्याने त्यांचे हात मागे धरले आणि त्यांना जमिनीवर आपटलं. मणक्याची शस्त्रक्रिया करावी लागली, शरीर अंशतः लुळं पडलं. पोलिसांच्याच गाडीतल्या कॅमेऱ्यात हे सगळं टिपलं गेलं आहे. राज्याच्या गव्हर्नरने भारत सरकारची माफी मागितली. तरीही खटल्यात दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही आणि जानेवारी 2016 मध्ये न्यायाधीशांनी त्या अधिकाऱ्याला निर्दोष सोडलं. दिवाणी दावा 2021 मध्ये साडेसतरा लाख डॉलरवर मिटला.

त्या फोनमध्ये गुन्ह्याचं नाव नव्हतं. होता तो फक्त रंग.

"काहीतरी केलंच असेल, उगीच कोण पकडतंय?" असं आपल्यातले बरेच जण म्हणतात. त्यांच्यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांचं काम सांगते. त्यांनी देशभरात पोलिसांनी वाहनं अडवल्याच्या सुमारे साडेनऊ कोटी नोंदी तपासल्या. अंधार पडल्यावर, म्हणजे चालकाचा चेहरा बाहेरून नीट दिसेनासा झाल्यावर, अडवलेल्यांमध्ये कृष्णवर्णीयांचं प्रमाण घटतं. मिनेसोटातल्या फिलँडो कॅस्टील या कृष्णवर्णीय माणसाला आयुष्यात किमान 46 वेळा अडवलं गेलं होतं, बहुतेकदा किरकोळ कारणांवरून. तो शाळेच्या कँटीनमध्ये काम करायचा. जुलै 2016 मध्ये त्याची गाडी पुन्हा थांबवली. परवान्याची बंदूक जवळ आहे, हे त्याने स्वतःहून सांगितलं, आणि काही सेकंदांत पोलिसाने गोळ्या झाडल्या. मागच्या सीटवर त्याच्या मैत्रिणीची चार वर्षांची मुलगी बसली होती. तो अधिकारीही निर्दोष सुटला.

त्यामुळे आई-बाबांना मी सांगतेच: पोलीस हाक मारेल तर जागीच थांबा, हात खिशात घालू नका, पत्ता आणि माझा नंबर लिहिलेला कागद गळ्यातल्या पाऊचमध्ये दिसेल असा ठेवा. सांगताना संताप येतो. फिरायला निघालेल्या माणसाने आपण निरुपद्रवी असल्याचा पुरावा गळ्यात का बाळगायचा?

आणि फोन करणारे नेहमी गोरेच असतात असंही नाही. आमच्या वसाहतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका मराठी गृहस्थांनी लिहिलं, "एक ब्लॅक माणूस फिरतोय, पोलिसांना कळवू का?" मी विचारलं, तो करतोय काय? उत्तर आलं, "चालतोय." मी अलाबामाच्या त्या व्हिडिओची लिंक टाकली. काहींनी आभार मानले, काहींना मी उगाच राजकारण आणते असं वाटलं. वाद अजून चालू आहे आणि मी तो सोडणार नाही.