आमची वाटचाल : सतरा नंबरवाल्यांचा क्लास

नाशिकमध्ये सातपूरला श्रमिकनगरात किराणा दुकानाच्या वर आमची खोली आहे. बोर्डावर क्लासचं नाव मोठ्या अक्षरात आहे, पण रिक्षावाला ‘सतरा नंबरवाले सर’ म्हटल्याशिवाय ओळखत नाही. शाळा सुटलेल्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवायचं, हा आमचा धंदा. धंदा म्हणायला संकोच नाही. भाडं, वीजबिल आणि शिकवणाऱ्या मॅडमचा पगार त्यातूनच निघतो.

२०१२ साली सुरुवात केली ती साध्या आठवी-नववीच्या ट्यूशनने. चालली नाही. ज्यांच्याकडे पैसे होते ते पोरांना कॉलेजरोडला पाठवत होते. एक दिवस समोरच्या वर्कशॉपमधला, लेथ चालवणारा टर्नर दारात उभा राहिला. “सर, मी बसू का? नववीत सोडली होती.” त्याच्यासाठी बोर्डाच्या ऑफिसला खेपा घातल्या तेव्हा मला कळलं, की पाचवी पास आणि चौदा वर्षं पूर्ण असली तरी १७ नंबरचा फॉर्म भरता येतो. अडायचं ते शाळा सोडल्याच्या दाखल्यावर. दाखला गावी, गावी कोणी नाही, आणि आधारवर जन्मतारीख तिसरीच. पहिली काही वर्षं मी बीजगणितापेक्षा दाखल्यांच्या मागेच जास्त होतो.

आमच्याकडे येतं कोण? निम्मेअधिक सातपूर-अंबडच्या कंपन्यांतले, ठेकेदाराकडे लागलेले. आयटीआयला फिटर करायचं तर दहावी लागते, म्हणून आलेले. मग दहावीच्या आत लग्न झालेल्या बायका. पोरं शाळेत गेली की दुपारी दोनला येतात. आणि पेठ-सुरगाण्याकडून कामाला आलेली मुलं. त्यांच्या घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात, पुस्तकातली मराठी त्यांना आमच्याइतकीच लांबची. जानेवारीत द्राक्षांचा हंगाम लागला की यातले बरेच बागांवर जातात आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर वर्ग अर्धा रिकामा. आम्ही वेळापत्रक बदलून पाहिलं, रागावून पाहिलं. आता दिवाळीपूर्वीच गणित संपवतो.

हजेरीच्या वहीत नावापुढे मी दोन रकाने वाढवले आहेत: ‘कितवीत सुटली’ आणि ‘शिफ्ट’. दुसऱ्या रकान्यावरून निकालाचा अंदाज जास्त बरोबर येतो. आठवड्याला शिफ्ट बदलणारा पोरगा सहावीत सुटलेला असो की नववीत, तो गळतो. कायम पहिल्या शिफ्टवाला तरून जातो. म्हणून शिफ्टवाल्यांच्या सकाळी आठ आणि संध्याकाळी पाच अशा दोन बॅचना एकच धडा घेतो. मॅडम वैतागतात, त्यांचं बरोबरही आहे.

गणिताची भीती सगळ्यांना, असं बाहेरचे समजतात. एकाला फळ्यावर एक चतुर्थांश अधिक तीन अष्टमांश विचारलं, तो मान खाली घालून बसला. म्हटलं, “पाव इंच आणि तीन सूत?” “पाच सूत,” बोलून मोकळा. आठ सुतांचा इंच, हे त्याला कोणी फळ्यावर शिकवलं नव्हतं. छेद समान करणं मी त्या दिवसापासून सुतानेच शिकवतो.

खरी अडचण हाताची. सात-आठ वर्षं पेन न धरलेला माणूस भाषेचा तीन तासांचा पेपर लिहिणार कसा? इतिहासाचं तोंडी विचारा, धडाधड सांगतील. पेपरात दोन पानांनंतर बोटं आखडतात. २०१९ साली भाषांचे तोंडी गुण काढले, राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. आमच्याकडे तर पडझडच. बोलता येणारी आणि लिहिता न येणारी माणसं, दुसरं काय होणार. तेव्हापासून रोज वीस मिनिटं शुद्धलेखन. वेल्डिंग करणारे बाप्ये लहान पोरांसारखे वहीवर वाकून बसतात.

निकालाची टक्केवारी मी छापत नाही. २०१७ साली छापली होती. ‘शंभर टक्के’चा फ्लेक्स चौकात लावायचा म्हणून जे पक्के तेवढ्यांचेच फॉर्म भरले. एका हमालाला म्हटलं, “तू पुढच्या वर्षी बस.” फ्लेक्स लागला. तो त्याच चौकातून रोज सायकलवर जायचा. पुढच्या वर्षी आला नाही, निरोप धाडला तरी नाही. भेटला की “नमस्कार सर” म्हणतो, थांबत नाही. तो फ्लेक्स आता पावसाळ्यात गच्चीवर अंथरतो.

गंमत म्हणजे २०२१ ला पुन्हा आमचे सगळेच पास झाले. कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही, राज्याचा निकाल ९९.९५ टक्के. त्या वर्षी आम्ही सगळ्यात कमी शिकवलं होतं. काहींनी राहिलेली फी बुडवली. परीक्षाच नव्हती, तर कसली फी? मलाही उत्तर सुचलं नाही.

आता येईल त्याचा फॉर्म भरतो. मुख्य परीक्षेत राहिला तर जून-जुलैच्या फेरपरीक्षेला बसवतो, त्याची वेगळी फी नाही. यामुळे हिशेब बसत नाही, असं बायको म्हणते. फी हप्त्याने, पगार झाल्यावर, सात तारखेनंतर.

यंदाच्या बॅचमध्ये त्या पहिल्या टर्नरची बायको आहे. दुपारी दोनची. तिचा दाखला मात्र अजून सापडलेला नाही. सोमवारी त्यांच्या गावी जाऊन येतो.